वस्ताद कोण निवडतो? भारतीय फुटबॉलच्या प्रशिक्षकपदाची चिकित्सा

२०२५च्या जुलैमध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पुरुषांच्या राष्ट्रीय संघासाठी मुख्य प्रशिक्षक हवा म्हणून अर्ज मागवले. १७० अर्ज आले. त्यांत बार्सिलोनाचे माजी कर्णधार आणि प्रशिक्षक झावी यांच्या नावाचाही एक अर्ज असल्याची बातमी फुटली आणि एक-दोन दिवस फुटबॉलप्रेमींना दुसरे काही सुचेना. त्यांचे मानधन झेपणारे नाही म्हणून तो बाजूला ठेवला, असेही सांगितले गेले. पुढे महासंघानेच खुलासा केला, की झावी आणि पेप ग्वार्दिओला या दोघांच्या नावे आलेले अर्ज खरे नव्हते.

हा प्रकार थट्टेवारी नेण्याजोगा होता आणि तसा तो नेलाही गेला. मला मात्र तो बोलका वाटला. त्या महिन्यात जागतिक क्रमवारीत आपला संघ १३३व्या स्थानी होता. देशातली सर्वांत मोठी स्पर्धा, इंडियन सुपर लीग, महासंघ आणि संयोजक कंपनी यांच्यातला करार संपत आल्यामुळे ११ जुलैला अनिश्चित काळासाठी थांबवली गेली होती. पुढच्या हंगामात खेळायला मिळणार की नाही, हे खेळाडूंना ठाऊक नव्हते. आणि आपण चर्चा करत होतो ती झावी येतील का, याची.

राष्ट्रीय प्रशिक्षकाची निवड हा आपल्याकडे खेळ सुधारण्याचा उपाय राहिलेला नाही. खेळ सुधारला जात नाही हे झाकणारा तो एक विधी झाला आहे, असे मला या लेखात मांडायचे आहे. ‘भारतीय हवा की परदेशी’ हा वादही त्या विधीचाच एक भाग. खरा प्रश्न निवड समितीपुढे नावे येण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुटलेला किंवा बिघडलेला असतो.

मी विद्यापीठातला संशोधक नाही. दिंडोरीत राहून गेली पंचवीस-तीस वर्षे जमवलेली वर्तमानपत्रांची कात्रणे, जुनी क्रीडा नियतकालिके आणि खेळाडूंच्या आठवणी एवढेच माझे साधन. वाङ्मयीन अंकात फुटबॉल कशाला, असे कुणी विचारील. प्रशिक्षक हे आपल्या कथा-चित्रपटांतले लाडके पात्र आहे आणि खऱ्या प्रशिक्षकाकडून आपण ज्या अपेक्षा करतो त्या बऱ्याचशा त्या पात्राकडून उसन्या घेतलेल्या आहेत. म्हणून हा विषय वाङ्मयाच्या वाचकाचाही आहे.

मॅनेजर, कोच आणि वस्ताद

सुरुवात शब्दांपासून करावी लागते. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय संघाच्या प्रमुखाला ‘मॅनेजर’ म्हणतात. १९४६ साली वॉल्टर विंटरबॉटम हे त्या पदावरचे पहिले गृहस्थ. पण त्यांच्या काळात अकरा जणांचा संघ निवडायची ती समिती. १९६३मध्ये अल्फ रॅम्झी आले ते संघनिवडीचा पूर्ण अधिकार मागून घेऊनच. तीन वर्षांनी इंग्लंडने विश्वचषक जिंकला. म्हणजे तिकडे ‘मॅनेजर’ या शब्दात अधिकार आहे आणि तो भांडून मिळवलेला आहे.

आपल्याकडे ‘टीमचा मॅनेजर’ म्हटले की रेल्वेची तिकिटे, हॉटेलच्या खोल्या आणि रोजचा भत्ता सांभाळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. अजित वाडेकर १९९२ ते १९९६ या काळात भारतीय क्रिकेट संघाचे ‘क्रिकेट मॅनेजर’ होते; करत होते ते आज ज्याला कोच म्हणतात त्याचे काम. मराठी वृत्तपत्रांत प्रशिक्षक, मार्गदर्शक आणि कोच हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात.

त्याहून जुना आणि आपल्या मातीतला शब्द आहे ‘वस्ताद’. तालमीचा वस्ताद जाहिरात देऊन नेमला जात नाही. तो त्याच हौद्यात आधी घुमलेला असतो आणि त्याच्या हाताखाली तयार झालेले पठ्ठे हीच त्याची शिफारस असते. कोल्हापुरात तर हा शब्द फुटबॉलच्या अगदी शेजारी नांदतो. तिथल्या संघांची नावेच पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमींच्या आधाराने फुटबॉल वाढलेले असे दुसरे शहर महाराष्ट्रात मला माहीत नाही. शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्याला जमणारी गर्दी पाहून मुंबईच्या क्लबांनीही हेवा करावा. त्या तालमींमधल्या ईर्ष्येपायी सामने हाणामारीवर गेल्याचेही सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा तिथले सगळेच आदर्श आहे असे मी म्हणत नाही. पण शिकवणारा कुठून येतो, याचे उत्तर त्या व्यवस्थेत आहे. तो गल्लीतून येतो.

तिन्ही शब्दांत अधिकाराचा आणि नात्याचा फरक आहे. मॅनेजर संघ निवडतो, कोच सराव घेतो आणि वस्ताद माणूस घडवतो. आपला महासंघ जाहिरात पहिल्याची देतो, मोकळीक दुसऱ्याएवढी देतो आणि पराभवानंतर जाब विचारतो तो तिसऱ्याला विचारावा तसा.

पडद्यावरचे प्रशिक्षक

‘चक दे! इंडिया’ (२००७), ‘झुंड’ (२०२२) आणि ‘मैदान’ (२०२४) हे तीन हिंदी चित्रपट आपल्या प्रशिक्षक-कल्पनेची परीक्षा घ्यायला पुरेसे आहेत. पहिला हॉकीचा आहे, पण साचा त्याने घालून दिला. विस्कळीत संघ, अविश्वासू पदाधिकारी, एकाकी प्रशिक्षक, थोडक्या दिवसांचा सराव आणि शेवटी जग जिंकणे. प्रशिक्षक आला आणि संघ बदलला, असे हे अवताराचे कथानक आहे. आपल्या समाजाला ते सहज पटते, कारण संकटात कुणीतरी येऊन तारतो ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

‘मैदान’मध्ये अजय देवगण यांनी सय्यद अब्दुल रहीम यांची भूमिका केली. रहीम हे भारतीय फुटबॉलचे निर्विवाद थोर प्रशिक्षक. १९५० ते १९६३ ते राष्ट्रीय संघाबरोबर होते. १९५१च्या दिल्लीतल्या आणि १९६२च्या जकार्तातल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवताना मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. जकार्तात अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ने हरवले तेव्हा रहीम कर्करोगाने ग्रासलेले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले.

चित्रपट या साऱ्याला न्याय देतो, शेवटचा सामना थरारकपणे रंगवतो आणि रहीम विरुद्ध पदाधिकारी हा झगडाही नीट मांडतो. पण साचा त्याला सुटत नाही. रहीम पेशाने शिक्षक होते आणि हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे ते दीर्घकाळ प्रशिक्षक होते. त्यांच्या राष्ट्रीय संघात हैदराबाद-सिकंदराबादचे इतके खेळाडू दिसतात ते वशिल्याने आलेले नव्हते. तुलसीदास बलराम यांच्यासारखा मुलगा त्यांनी स्वतः हेरला आणि घडवला. दुबळ्या पायाने खेळण्याचा सराव, छोट्या मैदानावरचे सामने, मोजक्या स्पर्शांत चेंडू पुढे देणे, हे सगळे त्यांनी आधी आपल्या गावात वर्षानुवर्षे करून पाहिले होते. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १-१० असा दारुण पराभव झाला, तेव्हाही प्रशिक्षक तेच होते. त्यांना काढले नाही. चार वर्षांनी त्याच माणसाने संघ उपांत्य फेरीत नेला. पडद्यावरच्या रहीमसाहेबांना संघ ‘मिळतो’. खऱ्या रहीमसाहेबांनी त्याचा मोठा भाग आधीच तयार करून ठेवला होता. एका शिक्षकाचे इतक्या वर्षांचे काम दृश्यात बसत नाही, म्हणून ते वगळले जाते. आणि जे दृश्यात बसत नाही ते आपल्या धोरणातूनही गळून जाते.

या दृष्टीने तिघांत मला ‘झुंड’ अधिक प्रामाणिक वाटतो. नागराज मंजुळे यांनी नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावरून तो उभा केला. बारसे हे हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक. झोपडपट्टीतली मुले पावसात फुटक्या बादलीने खेळताना पाहून त्यांना फुटबॉल द्यावासा वाटला आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. त्यांना कुणी निवडले नव्हते, त्यांनी अर्ज केला नव्हता, मुलाखत दिली नव्हती. चित्रपट लांबतो, अमिताभ बच्चन यांचे वलय कथेवर पडते, हे दोष मान्य करूनही एक गोष्ट उरते: तिथे प्रशिक्षकाचे यश सामना जिंकण्यात नाही, भिंतीपलीकडची मुले मैदानावर येण्यात आहे. आपल्या समीक्षेने त्यातल्या जातवास्तवाची योग्य दखल घेतली. क्रीडाशिक्षक नावाच्या माणसाची मात्र फारशी घेतली नाही.

चौदा वर्षांचा हिशोब

आता पडद्यावरून प्रत्यक्षात येऊ. बॉब हॉटन २०११च्या एप्रिलमध्ये गेले. तिथपासून २०२५च्या ऑगस्टपर्यंत राष्ट्रीय संघाने सात मुख्य प्रशिक्षक पाहिले: आर्मांडो कोलासो, सावियो मेदेरा, विम कूव्हरमान्स, स्टीफन कॉन्स्टंटाइन, इगोर स्टिमाच, मानोलो मार्केझ आणि खालिद जमील. यांतले पहिले दोन गोव्याचे आणि शेवटचे मुंबईच्या फुटबॉलमध्ये वाढलेले, म्हणजे तिन्ही भारतीय आपल्या कोकण-किनाऱ्याचे. मधले चौघे परदेशी. माझ्या वहीतल्या तारखा जुळवल्या तर चौघा परदेशी प्रशिक्षकांच्या वाट्याला मिळून साधारण बारा वर्षे आली. कोलासो आणि मेदेरा यांना मिळून जेमतेम वर्षभर.

कोलासो यांनी डेम्पो क्लबला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. देशात त्यांच्याएवढी कमाई क्वचितच कुणाची. २०११च्या जुलैमध्ये संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध विश्वचषक पात्रतेचे दोन सामने झाले. पहिल्यात अर्ध्या तासाच्या आत आपले दोन खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेले आणि ०-३ असा पराभव झाला. दिल्लीत २-२ बरोबरी. त्याच वर्षी कोलासो यांचे पद गेले. मेदेरा यांनी डिसेंबरमध्ये सॅफ स्पर्धा जिंकली, अंतिम फेरीत अफगाणिस्तानला ४-० हरवले. मार्च २०१२मध्ये काठमांडूत एएफसी चॅलेंज कपमध्ये तिन्ही सामने गेले आणि तेही गेले. परदेशी प्रशिक्षकाला जो वेळ ‘प्रक्रिया’ म्हणून मिळतो, तो भारतीयाला ‘अपयश’ म्हणून मोजून मिळाला.

पण यावरून परदेशी तेवढा वाईट असा निष्कर्ष काढणेही चुकीचे. कॉन्स्टंटाइन यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत संघ २०१५च्या १७३व्या स्थानावरून २०१७मध्ये ९६वर आला. २०१९च्या आशियाई चषकात थायलंडला ४-१ हरवले. शेवटच्या साखळी सामन्यात बहरीनशी बरोबरी झाली असती तरी पुढची फेरी मिळाली असती, पण अगदी शेवटी पेनल्टीवर गोल बसला. कॉन्स्टंटाइन यांनी त्याच रात्री राजीनामा दिला. स्टिमाच १९९८च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे खेळाडू. त्यांनी दोनदा सॅफ जिंकली, २०२३मध्ये संघ ९९व्या स्थानी पोहोचला, ऑक्टोबरमध्ये २०२६पर्यंत करार वाढला. जानेवारी २०२४च्या आशियाई चषकात तीन पराभव, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२. जूनमध्ये त्यांना काढले, आणि करार मुदतीआधी मोडल्याची भरपाई महासंघाला द्यावी लागली.

मग २०२४च्या जुलैत २९१ अर्जांतून मार्केझ निवडले गेले. ते त्याच वेळी एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते आणि हंगामभर दोन्ही कामे सांभाळणार होते. राष्ट्रीय संघाचे काम उरलेल्या वेळात करता येते, याची ही कबुलीच म्हणायची. त्यांच्या हाताखाली भारत आठ सामने खेळला आणि एकच जिंकला, तोही मालदीवविरुद्ध. आता एक तारीख ध्यानात घ्यावी. ३ मे २०२५ रोजी भुवनेश्वरला याच मार्केझ यांच्या एफसी गोवाने सुपर कपचा अंतिम सामना ३-० असा जिंकला. माणूस तोच, महिनाही जवळपास तोच. क्लबमध्ये त्यांना रोजचा सराव, स्वतः निवडलेले परदेशी खेळाडू आणि ठरलेले वेळापत्रक होते. राष्ट्रीय संघात थोडे दिवस आणि देशात जे तयार झाले असेल ते. त्या अंतिम सामन्यात त्यांच्याकडून हरलेल्या जमशेदपूरचे प्रशिक्षक होते खालिद जमील.

देशात काय तयार होते, याचा पुरावा सुनील छेत्री. जून २०२४मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. नऊ महिन्यांनी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांना परत यावे लागले, कारण गोल करणारा दुसरा सापडला नाही. आपल्या क्लबांत पुढच्या फळीतली ती जागा बहुधा परदेशी खेळाडूच्या वाट्याला येते. ती रिकामी जागा कोणता प्रशिक्षक जाहिरातीतून भरणार होता?

शिडी आणि तिच्या मोडलेल्या पायऱ्या

तांत्रिक समितीचे अध्यक्ष होते आय. एम. विजयन. समितीने तीन नावे पुढे पाठवली: खालिद जमील, स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचे श्टेफान तार्कोविच. १ ऑगस्ट २०२५ला कार्यकारी समितीने जमील यांची निवड केली. मेदेरांनंतर तेरा वर्षांनी भारतीय मुख्य प्रशिक्षक आला, म्हणून स्वागत झाले. मला त्यांच्या भारतीयत्वापेक्षा त्यांची वाटचाल महत्त्वाची वाटते.

कुवेतमध्ये जन्मलेले जमील महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळले. २००९पासून सात वर्षे ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. हा बेताच्या पैशांचा क्लब. त्याला वरच्या गटात टिकवणे हेच दर वर्षीचे काम. तिथून ते मिझोरमच्या ऐझॉल एफसीला गेले आणि २०१६-१७ची आय-लीग जिंकली. ईशान्येतल्या क्लबने देशाचे विजेतेपद मिळवण्याची ती पहिली वेळ. पुढे ईस्ट बंगाल, मोहन बागान, मग नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक. २०२१मध्ये परदेशी प्रशिक्षक गेल्यावर तात्पुरती सूत्रे हाती आली आणि त्यांनी संघ उपांत्य फेरीत नेला. तेव्हा कुठे सुपर लीगमध्ये भारतीयाला पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक केले गेले.

हा माणूस एकेक पायरी चढून आला. आता त्या पायऱ्यांचे काय झाले ते पाहू. महिंद्र युनायटेड २०१०मध्ये बंद. एअर इंडियाचा संघ राष्ट्रीय पातळीवरून नाहीसा. मुंबई एफसी २०१७मध्ये बंद. आणि ऐझॉल? आदल्या वर्षी ते खालच्या गटात फेकले गेले होते. गोव्याच्या क्लबांनी आय-लीग सोडल्यामुळे त्यांना परत घेतले. म्हणजे जमील यांच्या सर्वांत मोठ्या यशाची जागासुद्धा गोव्यातली दारे लागल्यामुळे रिकामी झाली होती. साळगावकर, स्पोर्टिंग आणि कोलासोंचे डेम्पो, ज्यांनी गोव्याला प्रशिक्षक आणि खेळाडू दिले, ते २०१६मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. डेम्पोला परतायला अनेक वर्षे लागली.

पुढचा भारतीय प्रशिक्षक शोधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आज मुंबईतल्या २५-३० वर्षांच्या होतकरू प्रशिक्षकाला जमील यांच्या वाटेने जायचे तर ती वाट बऱ्याच ठिकाणी खचली आहे. ‘भारतीयाला संधी द्या’ म्हणणे सोपे आहे. भारतीय अनुभवी कुठे व्हावा, याचे उत्तर द्यायला कुणी पुढे येत नाही.

जमील यांची सुरुवात चांगली झाली. ताजिकिस्तानात काफा नेशन्स कपमध्ये यजमानांना २-१ हरवले आणि पेनल्टींवर ओमानला नमवून तिसरा क्रमांक मिळवला. मोहन बागानने आपले खेळाडू त्या स्पर्धेसाठी सोडले नव्हते. फिफाने राखून दिलेल्या दिवसांत ती बसत नसल्याने क्लबला तसा हक्कच होता. ऑक्टोबरमध्ये सिंगापुरात १-१ बरोबरी झाली आणि १४ तारखेला मडगावच्या फातोर्डा मैदानावर १-२ पराभव. २०२७च्या आशियाई चषकाचे दार तिथे बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाने आपल्याला २००३नंतर प्रथमच हरवले. लगेच ‘आता पुढचा कोण’ ही कुजबुज सुरू झाली.

जपानने पाहुण्याकडून काय घेतले

परदेशी प्रशिक्षक कसा वापरावा, याचे उदाहरण आशियातच आहे. टोकियो ऑलिम्पिकच्या तयारीसाठी जपानने १९६०मध्ये डेटमार क्रामर या जर्मन प्रशिक्षकाला बोलावले. त्या वेळी जपान आपल्याहून पुढे नव्हता. क्रामर यांनी संघाला शिकवलेच. शिवाय देशव्यापी लीग सुरू करा आणि प्रशिक्षक तयार करा, असा आग्रह धरला. १९६५मध्ये जपान सॉकर लीग सुरू झाली. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये जपानने कांस्यपदक मिळवले तेव्हा मुख्य प्रशिक्षक होते केन नागानुमा, म्हणजे जपानी. १९६९मध्ये फिफाचा प्रशिक्षक-वर्ग जपानमध्ये क्रामर यांनी घेतला आणि त्यात आपले पी. के. बॅनर्जी विद्यार्थी म्हणून होते.

त्याच दशकात आपल्याकडेही परदेशी प्रशिक्षक होता. इंग्लंडचे हॅरी राइट यांच्या काळात १९६४च्या आशियाई चषकात भारत उपविजेता ठरला. तो आपला आजवरचा सर्वोत्तम क्रमांक. राइट गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांची पद्धतही गेली. क्रामर यांनी मागे ठेवलेली लीग आणि माणसे तिथेच राहिली. पाहुणा दोघांकडेही आला होता. त्याच्याकडून काय ठेवून घ्यायचे हे जपानने आधी ठरवले होते.

दोन आक्षेप

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल, की मग प्रशिक्षकाने काहीच फरक पडत नाही काय? पडतो. चंद्रकांत पंडित यांनी विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ रणजी करंडक मिळवून दिला आणि २०२१-२२मध्ये मध्य प्रदेशला पहिल्यांदा जिंकवले. पण क्रिकेटमध्ये जिल्हा, विभाग, राज्य आणि वयोगट अशी सामन्यांची उतरंड आधीच उभी आहे. पंडित त्या उतरंडीच्या माथ्यावर काम करतात. पाया असेल तर चांगला प्रशिक्षक पाच-दहा टक्क्यांचा फरक पाडतो आणि तोच निर्णायक ठरतो. पाया नसेल तर तोच माणूस मार्केझ होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पाया तयार व्हायला वीस वर्षे लागतील, तोवर संघाला कुणीतरी हवाच ना? हवा. त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्या नेमणुकीलाच काम समजण्याला. २०१७मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. स्पर्धेला आठ महिने उरले असताना प्रशिक्षक निकोलाय अ‍ॅडम गेले आणि लुईस नॉर्टन डी मातोस आले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. तिन्ही सामने हरलो, एक गोल केला. त्या स्पर्धेआधी १५ सप्टेंबर २०१७ला महाराष्ट्रात ‘मिशन वन मिलियन’ म्हणून एका दिवसात लाखो मुलांना फुटबॉल खेळवले गेले. शाळाशाळांत चेंडू आले. चेंडू फाटल्यावर काय करायचे, शिकवणार कोण, हे त्या मोहिमेत ठरलेले नव्हते.

दिंडोरीतून दिसणारे

आमच्या तालुक्यात द्राक्षबागांची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी येते आणि तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड आधीच ठरतो. ऑक्टोबर छाटणीनंतर तो फक्त बाहेर दिसतो. एप्रिल-मे-जूनमध्ये बाग बिघडली असेल तर ऑक्टोबरात कितीही नामवंत सल्लागार आणला तरी वांझ फूट निघते. तरीही घड कमी लागला की सल्लागार बदलणारे बागायतदार आहेतच. राष्ट्रीय प्रशिक्षकाची निवड ही ऑक्टोबर छाटणी आहे, आणि आपले सगळे लक्ष, पैसा आणि भांडण तिच्यावर खर्च होते.

एप्रिलचे काम शाळेच्या मैदानावर असते. सुब्रतो मुखर्जी चषकाच्या तालुका पातळीवरच्या सामन्यांना मी जमेल तेव्हा जातो. मोजके संघ येतात, एखाद्याला न खेळताच पुढची चाल मिळते. पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांतली मुले अनवाणी धावतात तेव्हा त्यांचा दम आणि वेग पाहून कुणीही थबकेल. त्यांना पासचा कोन सांगणारा मात्र नसतो. कबड्डी, खो-खो, धावणे आणि फुटबॉल हे सारे एकाच शिक्षकाच्या अंगावर, आणि कित्येक शाळांत तोही नाही. दहावीच्या सवलतीच्या गुणांपुरता खेळ उरतो.

याच जिल्ह्यात उलट उदाहरणही आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत हिने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. तिच्यामागे विजेंदर सिंग हे प्रशिक्षक नाशिकमध्ये वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले होते. त्यांच्या हाताखाली पुढे संजीवनी जाधव आली. एक प्रशिक्षक एका ठिकाणी टिकला तर काय होते, हे कळायला आम्हाला जपानला जावे लागत नाही.

तेव्हा पुढचा राष्ट्रीय प्रशिक्षक निवडताना नावाआधी चार गोष्टी ठरवाव्यात असे मला वाटते. एक, कोणते नाव का निवडले आणि कोणते का नाकारले, याचा तांत्रिक समितीचा अहवाल सर्वांसमोर यावा. तो असता तर झावींच्या नावाचा गोंधळ एका ओळीत संपला असता. दोन, करार चार वर्षांच्या पात्रता-चक्राशी बांधावा आणि मधल्या एका पराभवावर तो मोडू नये. तीन, प्रशिक्षक परदेशी असेल तर किती भारतीय सहायकांना त्याने तयार केले, हेही निकालाइतकेच मोजावे. चार, लीगचे वेळापत्रक आणि राष्ट्रीय शिबिराचे दिवस आधी ठरावेत, मग जाहिरात निघावी.

या चारही गोष्टी महासंघाच्या हातातल्या आहेत आणि एकीलाही झावींच्या मानधनाइतका खर्च नाही. पाचवी गोष्ट राज्याच्या हातात आहे: क्रीडाशिक्षकांच्या रिकाम्या जागा भरणे. तिची बातमी होत नाही आणि तिच्यावर चित्रपटही निघणार नाही. पण २०४५ साली जो माणूस भारतीय संघाच्या बाकावर बसेल, तो आज कुठल्यातरी शाळेत आठवी-नववीत आहे. त्याला या वर्षी शिकवायला कुणी आहे का, एवढाच प्रश्न आज खरा आहे.